पुढे चालणारा

जितेंद्र वकिलांनी टेबलावर तो नकाशा पसरला, तेव्हा मी आधी त्यात स्वतःला शोधलं. लग्नातल्या फोटोत माणूस नवरानवरी सोडून आधी आपलंच तोंड शोधतो, तसंच. पोलिसांनी काढलेला घटनास्थळाचा नकाशा. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन रेघा फिकट झालेल्या. दोन लांब रेघा म्हणजे जळगावातून जाणारा हायवे. मधोमध दुभाजक, आणि लोकांनी येण्याजाण्यासाठी त्यात जिथे फट पाडली आहे तिथे 'गॅप' असं लिहिलेलं. एक चौकोन म्हणजे केळी भरलेली पिकअप. चौकोनासमोर एक लहान गोल, त्यात 'ज'. ज म्हणजे जखमी, म्हणजे कुंदा, माझी बायको. डाव्या कोपऱ्यात पिठाची चक्की होती, उजव्या कोपऱ्यात पानटपरी होती, विजेचा एक खांबही होता. मी नव्हतो. मी कागद फिरवून पाहिला, जणू दुसऱ्या बाजूने धरला की दिसेन. वकील म्हणाले, "काय शोधताय नाना?" मी म्हटलं, "काही नाही." पण आत कुठेतरी एक झटका बसला होता, आणि तो बसल्यावर त्या धुळ्याच्या ऑफिसातला पंखा, त्यांचा चहा, फायलींचा वास हे सगळं थोडं लांब गेलं.

"तुम्ही नकाशात नाही हे आपल्या फायद्याचंच आहे. तुम्ही तेव्हा काय करत होता, हे कुणी विचारणार नाही," वकील म्हणाले. मग त्यांनी मला तिसऱ्यांदा समजावलं. पायी चालणाऱ्याला गाडीने उडवलं म्हणजे सगळी चूक गाडीवाल्याची, असं कोर्ट धरून चालत नाही. चालणाऱ्याने पाहिलं का, थांबला का, भलत्या ठिकाणाहून रस्ता ओलांडला का, हेही विचारतात. त्याची जितकी चूक निघेल तितके टक्के भरपाईतून कापतात. विमा कंपनीचे वकील म्हणणार की बाईने मान वळवलीच नाही. पिकअपच्या ड्रायव्हरने, छगनने, तसं लिहूनच दिलं आहे: मी हॉर्न दिला, बाईने पाहिलं नाही. "तुम्ही एवढंच म्हणायचं, तिने दोन्हीकडे पाहिलं. आपल्या बाजूने तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, पिकअप जोरात आली. तीन वाक्यं." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं. दीपनगरला वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं साहेबांसमोर हलवलीच होती. पण मान हलवताना मी मनात टक्क्यांची वाटणी करत होतो. इतके छगनचे, इतके कुंदाचे. शंभर तिथेच पुरे होत होते. तिसऱ्या माणसाला त्यात जागा नव्हती.

आमच्याकडे श्रावणात कानबाई ही आमची देवी घरात बसते. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी. भावकी सगळी एका घरी जमते, आमची जळगावला, थोरल्या भावाच्या घरी. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून आणायचे, आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. हे रोट घरच्यांनीच खायचे, शेजाऱ्याला घासभरही द्यायचा नाही. खानदेशात हे सगळीकडे थोडंफार सारखंच. आमच्या घराण्यात मात्र त्यावर आणखी एक रीत आहे. ती कुणी सुरू केली ते ठाऊक नाही, पण माझी थोरली बहीण तानुअक्का ती कायदा असल्यासारखी पाळायला लावते. चक्कीवरून पिठाचा डबा डोक्यावर घेतला की तो देवीपुढेच उतरवायचा. वाटेत बोलायचं नाही, थांबायचं नाही, इकडेतिकडे पाहायचं नाही. डबा सुनेच्या डोक्यावर, आणि तिच्या आठ पावलं पुढे घरातला एक पुरुष, हातात तांब्याचा गडू घेऊन, पाणी शिंपडत. तो वाट मोकळी करतो. त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत तिने यायचं. गावी होतो तेव्हा वाटेत आडवं कोण येणार? एखादी शेळी, फार तर सायकलवाला. जळगावातही भावाच्या गल्लीतच चक्की होती. त्या वर्षी चक्कीवाला मुलाकडे सुरतेला निघून गेला आणि दळण हायवेपलीकडे गेलं. रीत मात्र होती तशीच राहिली. ती हायवेवर चालेल का, हा विचार घरात एकाच्याही डोक्यात आला नाही. अकरा माणसं होतो, त्यातले तीन इंजिनियर.

आणि पुढे चालायला मला सांगितलं गेलं. दरवर्षी भाऊ चालायचा. त्याचे गुडघे गेले. मला आठवतं, गडू हातात घेतला तेव्हा मी खूश झालो होतो. हे वकिलांना सांगण्यासारखं नाही, पण खूश झालो होतो. रिटायर झाल्यापासून मला कुणी कुठे पुढे व्हायला सांगितलं नव्हतं. धुळ्यात घर बांधलं, वाचनालयाचा सभासद झालो, सकाळी फिरायला लागलो. पण बँकेतही मी रांगेत आणि घरातही मी रांगेत. कंट्रोल रूममध्ये माझं काम पाहायचं होतं. काटे पाहायचे. आठ तास काटे पाहायचे, काटा तांबड्याकडे सरकला की बटण दाबायचं. बाहेर भुसावळचं ऊन, कॉलनीतल्या निंबाच्या सावल्या, राखेचा तो बारीक थर कपड्यांवर, आणि आत मी पाहत बसलेला. एकदाही माझ्या पाळीत काही घडलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते, तोताराम पाहतोय म्हटलं की आम्ही झोपायचो. ते वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

तो रस्ता मला झोपेत दिसतो, जागेपणीही दिसतो. नुकतीच एक सर येऊन गेलेली, डांबरावरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत सगळं जरा हळू हलत होतं. गडूत पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, मी ते हिंदकळू न देता चालत होतो. दोन बोटं बुडवायची, शिंपडायचं, पुन्हा चालायचं. पिठाचा वास मागून येत होता, गरम, गोडसर. हायवेची पहिली बाजू रिकामी होती. दुभाजकाच्या फटीत कुणीतरी फरशीचा तुकडा पायरीसारखा ठेवला होता, त्यावर मी पाय दिला. दुसऱ्या बाजूला पहिल्याच पट्ट्यात एक स्कूटरवाला येत होता. माझा गडू पाहून, माझं नवं धोतर पाहून त्याने ब्रेक लावला, एक पाय टेकवला आणि हात जोडले. साठीतला माणूस, कपाळाला गंध. मी त्याच्याकडे पाहून हसलो. आता लिहितानाही ते हसू मला ओठांवर जाणवतं. एक स्कूटर थांबली आणि मला वाटलं, रस्ता थांबला. माझ्यासाठी हायवे थांबला. मी त्या मोठेपणात तरंगत पलीकडे गेलो, पानटपरीजवळ पोहोचलो, टपरीवर लटकवलेल्या पुड्या वाऱ्याने फिरत होत्या, एक कुत्रं अंग झाडत होतं. हे सगळं मला दिसतं. पुड्यांचे रंगसुद्धा दिसतात. मग पिकअपचा आवाज, आणि मग पांढरं. पीठ असं उडालं की क्षणभर पलीकडची दुकानं दिसेनात. ते हळूहळू खाली येत राहिलं, माझ्या धोतरावर, गडूतल्या पाण्यावर.

मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पाहायची सवयच आहे मला. आणि दर वेळी एक गोष्ट चुकते. वाफ दिसते, फरशी दिसते, स्कूटरवाल्याचं गंध दिसतं, कुंदा दिसत नाही. ती माझ्या मागे आठ पावलांवर होती हे मला माहीत आहे, पण ते रीत माहीत आहे म्हणून. डाव्या हाताने डबा धरलेला, त्यामुळे डावीकडचं तिला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी पाहायचं नव्हतं. पाहायला मी होतो. स्कूटरच्या आडून पिकअप निघाली, छगनने हॉर्न दिला, तो खरं सांगतोय. तिने मान वळवली नाही, तेही खरं. ती माझ्या पावलावर पाऊल ठेवत आली. छगनची चूक नाही असं मी म्हणत नाही. थांबलेल्या गाडीला डावीकडून मागे टाकू नये, हे त्यालाही कळायला हवं होतं. पण माझ्या हिशेबात कुंदाच्या नावावर काहीच निघत नव्हतं.

आणि सगळं निघालं तिच्याच नावावर. उजवा पाय गुडघ्याखाली कापल्यावर ती शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं विचारलं ते पिठाचं. त्या वर्षी रोट झाले नाहीत, कानबाई बसली नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं होतं. तानुअक्का दवाखान्यात आली, सफरचंदं घेऊन आली, डोक्यावरून हात फिरवला, आणि बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, "काहीतरी चुकनं व्हई तिनं. त्याबिगर कानबाई आसं करस का?" दार अर्धं उघडं होतं. मी म्हणू शकलो असतो, अक्का, चुकनं ते मनं, तिनं नही. मी म्हटलं, "आते जाऊ दे." जाऊ दे म्हटलं की गोष्ट जात नाही, ती दुसऱ्याच्या घरी जाऊन बसते. कुंदाच्या उशाशी जाऊन बसली. धुळ्याला घरी आल्यावर, नवा पाय बसवल्यावर, रोज तिन्हीसांजेला ती देवापुढे खुर्ची ओढून बसते आणि हळू आवाजात विचारते, "मनं काय चुकनं वं माय?" रागाने नाही. पोरगी मास्तरांना गणित विचारते तशी. कधी स्वतःच उत्तरं काढते: डबा उचलताना मनात माहेरचा विचार आला होता, आंघोळीला उशीर झाला होता, चक्कीवालीशी हसले होते. मी शेजारच्या खोलीत नाही, त्याच खोलीत असतो. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या पाहतो. बातम्या सांगणाऱ्या बाईचे ओठ हलतात, आणि आवाज कुंदाचा येतो. दोन वर्षं मी असं पाहिलं आहे. मला भित्रा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. आधी वाटलं, बरी झाली की सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, तेव्हा का नाही सांगितलं. दिवस जितके गेले तितकं ते वाक्य जड होत गेलं, आणि पुढे पुढे मला वाटायला लागलं की ते कुणीतरी माझ्याकडून काढून घ्यावं. पोलिसांनी विचारावं, वकिलांनी विचारावं. कुणी विचारलं नाही, आणि नकाशातही मी नव्हतो.

साक्षीचा दिवस मंगळवार. धुळ्याच्या कोर्टात उन्हाळ्यातही जिन्यात गारवा असतो, तो अंगाला लागला आणि एकदम दीपनगरची रात्रपाळी आठवली, मशीनच्या तापलेल्या हॉलमधून आल्यावर पायऱ्यांवर मिळायचा तसाच. कुंदा मागच्या बाकावर बसली, काठी भिंतीला टेकवून. पलीकडच्या बाकावर छगन होता, चोपड्याहून आलेला, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने कुंदाकडे पाहून मान खाली घातली. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मला कसलीच भीती वाटली नाही. सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. विमा कंपनीचे वकील सभ्य होते. त्यांनी माझं वय विचारलं, नोकरी विचारली. मग म्हणाले, "रस्ता ओलांडताना तुमच्या पत्नीने डावीकडे पाहिलं नाही, हे खरं आहे का?"

जितेंद्र वकिलांची तीन वाक्यं मला पाठ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो. पाहिलं नाही. तिने पाहायचंच नव्हतं. पाहायचं काम माझं होतं."

जितेंद्र वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमचं काम होतं ते मी विचारलेलं नाही," समोरचे वकील म्हणाले. "तिने पाहिलं नाही, एवढं पुरे."

"पुरे नाही साहेब. मी पुढे होतो. स्कूटर थांबली, मला वाटलं सगळं थांबलं. मी मागे वळून तिला अडवायला हवं होतं. तिच्यावर काही टाकू नका. माझ्या नावावर टाका."

न्यायाधीश बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नजरेत राग नव्हता. "काका, तुम्ही या दाव्यात पक्षकार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर टाकता येत नाही." मग टायपिस्टकडे वळून त्यांनी सांगितलं, आणि मी ते शब्द एकेक करून कागदावर जाताना ऐकले. हे खरे आहे की, रस्ता ओलांडताना जखमीने डावीकडे पाहिले नाही. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, तो तिच्या पुढे चालत होता. बस. माझ्या एवढ्या मोठ्या ओझ्याचं एवढंसं वाक्य झालं, आणि त्याच्या आधीच्या वाक्याने कुंदाची चूक पक्की झाली. मी सही केली. 

बाहेर आल्यावर जितेंद्र वकील इतकंच म्हणाले, "नाना, तीन वाक्यं होती हो." पुढची तारीख सांगून ते दुसऱ्या केसला पळाले. कुंदा पायऱ्या उतरून आवारातल्या बाकावर जाऊन बसली. मी पाण्याची बाटली आणली, तिने घेतली नाही. झेरॉक्सच्या दुकानासमोर माणसांची गर्दी होती, कुणीतरी मोठ्याने नाव पुकारत होतं, आणि ऊन बाकाच्या पायापर्यंत आलं होतं.

"आते माले सांगा," ती म्हणाली. "तठे कोर्टमा सांगं तसं नको. माले सांगा."

"काय सांगू?"

"बठ्ठं. चक्कीपासून."

मी सांगितलं. चक्कीपासून सगळं. गडू सांगितला, फरशी सांगितली, वाफ सांगितली. ती समोर पाहत ऐकत होती. कोर्टातल्या वकिलाने मला सात प्रश्न विचारले होते. तिने किती विचारले ते मी मोजले नाहीत.

"मी कितली मांगे व्हती?"

"आठ पावलं."

"तुम्ही देखं का?"

"नही. रीत शे म्हनीसन सांगस."

"त्या स्कूटरवालाकडे देखं तुम्ही?"

"देखं. त्यानी हात जोडात."

"तुमले बरं वाटनं."

तिने हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी म्हणालो, "हां. बरं वाटनं."

"मंग मी कोठे व्हती?"

"मांगे."

"रस्तामा नही," ती म्हणाली. "तुमना मनमा."

आवारातला गलका तसाच चालू होता, पण मला तो ऐकू येईना. मी शोधलं. खरंच शोधलं, फटीपासून टपरीपर्यंत पुन्हा एकदा सगळं चालून गेलो, गंध, पुड्या, कुत्रं. खोटं बोलणं फार सोपं होतं. तू होतीस म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"तू नव्हती," मी म्हणालो.

मला वाटलं रडेल. तिने पदराने चेहरा पुसला, पण तो घाम होता.

"दोन वरीस मी कानबाईले इचारं," ती शेवटी म्हणाली. "दोन वरीस. तुम्ही बाजूले बसीसन आयकं."

माफ कर म्हणावं असं वाटलं, पण ते वाक्य मी उच्चारलं असतं तर तेही मला बरं वाटण्यासाठीच झालं असतं. ती खाली वाकली. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, जी चारचौघांत ती कधी घेत नाही, आणि नव्या पायाचे पट्टे एकेक करून सोडले. घरातही ती हे दार लावून करते. मी आजवर दाराबाहेरच उभा राहिलो होतो. पाय सुटा झाला तसा तिने सुस्कारा टाकला, आणि तो तसाच, चप्पल घातलेला, माझ्याकडे दिला.

"धरा," ती म्हणाली. "माले जराशी सुटं बसू द्या."

तिने डोळे मिटले. येणारेजाणारे पाहत होते. छगन जिन्याशी उभा होता, त्यानेही पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो पाय बराच जड होता, आणि आतून अजून गरम होता. मी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो.